मामाजींचं दुर्गचं घर

ज्या माणसानं मला कंपनी कायद्यापायी सगळ्यात जास्त छळलं, त्याची स्वतःची कंपनी कधीच नव्हती. आंधळगावला तलावाखाली धानाची शेती, गोठ्यात म्हशी, एक खडखडणारी मोपेड, आणि शेजारच्या छत्तीसगडात, दुर्गला, भाड्यानं दिलेलं एक दुमजली घर. एवढ्याशा कारभारासाठी हा माणूस कितीतरी वर्षं माझ्या तुमसरच्या ऑफिसचा जिना चढत राहिला. मी कर सल्लागार. लोकांची आयकराची विवरणपत्रं भरतो, राइस मिलवाल्यांचं जीएसटीचं पाहतो, कुणाला फर्म काढायची असली तर कागद तयार करून देतो. मामाजी मात्र मला पहिल्या दिवसापासून 'वकीलसाहेब' म्हणत. मी वकील नाही, हे सांगून सांगून मी थकलो.

"काळा कोट नाही म्हनून काय झालं?" ते म्हणायचे. "एवढ्या उन्हात कोन घालते?"

ते माझे मामा नव्हेत. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला मामाजी म्हणायची रीत आहे, नातं असो की नसो. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणत असे. आता मामाजी नाहीत, पण जिन्यावर कुणी पायरीगणिक खाकरत वर येऊ लागलं की अजूनही माझा हात आपोआप समोरचे कागद ड्रॉवरमध्ये सारतो. कारण मामाजी आले की टेबलावरचा कुठलाही कागद उचलून वाचत. दुसऱ्याचा असला तरी. वाचून झालं की मत देत.

त्यांची एक खोड सगळ्या बाजाराला ठाऊक होती. वापरून पाहिल्याशिवाय ते काही विकत घेत नसत. चप्पल घ्यायची असली तर जुनी जोडी दुकानात तारण ठेवायची आणि नवी घालून धान्य बाजारापर्यंत चक्कर मारून यायची. दुकानदार बिचारा तोवर त्यांच्या जुन्या चपलेकडं बघत बसे. एकदा त्यांना लाकडी खाट घ्यायची होती. ते दुकानात गेले, खाटेवर आडवे झाले आणि सरळ झोपले. दुकानदार जेवायला घरी जाताना त्यांच्या भरवशावर दुकान टाकून गेला. परत येऊन बघतो तर मामाजी जागे होते आणि दाराशी एका गिऱ्हाइकाला समजावत होते, "घेऊ नोको बाप्पा, पाठीत खुपते."

ही खोड सांगून लोक हसायचे, मीही हसायचो. पण एकदा माझ्यासमोर चहा पिता पिता ते सहज बोलून गेले, "सारं वापरून पाहता येते वकीलसाहेब. सोयरे तेवढे वापरून पाहता येत नाहीत." त्यानंतर त्यांनी चहा तसाच ठेवला.

ते बोलत होते त्यांच्या मुलीबद्दल. तिला दुर्गला दिलं होतं. जावई भिलाईत एका ठेकेदाराकडं कामाला होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं, आणि तो कामावरच अपघातात गेला. सासरच्यांनी तेरावं होईपर्यंत ठेवलं आणि मग तिचं सामान ऑटोत घातलं. मामाजी तिला आणायला गेले, पण ती यायला तयार होईना. आंधळगावला येऊन भावांच्या दारी आयुष्य काढायचं नाही, एवढंच ती म्हणाली. मामाजींनी बहस केली नाही. तिथंच चार-आठ दिवस राहून घरं पाहत हिंडले. एका घरात मालकाच्या परवानगीनं दोन रात्री झोपून पाहिलं आणि ते घर विकत घेतलं. खाली मुलगी राहू लागली. वरच्या खोल्यांमध्ये शिकवणीला आलेली पोरं भाड्यानं ठेवली. ती त्यांना जेवणाचे डबे देई आणि घराचं सगळं बघे. घर मात्र मामाजींच्या नावावर होतं आणि भाडंही त्यांच्याच विवरणपत्रात दाखवलं जाई. ते विवरणपत्र मी भरायचो, तिथूनच आमची गाठ पडली.

सगळं नीट चाललं होतं. मग कुठल्याशा लग्नात त्यांना रायपूरचा एक व्यापारी भेटला आणि जेवणाच्या पंगतीत त्यानं सांगितलं, की परराज्यातली भाड्याची मालमत्ता शहाणा माणूस स्वतःच्या नावावर ठेवत नाही. कंपनी काढतो, नाहीतर ट्रस्ट करतो. झालं! दुसऱ्या दिवशी मामाजी माझ्यासमोर.

मी त्यांना समजावलं. राज्य बदललं म्हणून आयकर बदलत नाही, देश एकच आहे. नोंदणी, मुद्रांक आणि घरपट्टी तेवढी दुर्गची. एका घरासाठी कंपनी म्हणजे दरवर्षी ऑडिट, दरवर्षी कागद, आणि सगळ्याची फी मला द्यावी लागेल. माझ्याच पोटावर पाय देऊन मी त्यांना परतवू पाहत होतो.

"ते जाऊ द्या," मामाजी म्हणाले. "मले एक सांगा. मी उद्या मेलो तं पोरगी कोनाच्या घरात राहीन?"

मी म्हणालो, "तुमच्या नावावर असलं आणि मृत्युपत्र नसलं तर मामी, दोन्ही मुलं आणि मुलगी, सगळ्यांचा सारखा हिस्सा."

"म्हंजे तिच्या घरात चौघं."

"चौघं."

"अन् एकानं म्हटलं विका, तं?"

मृत्युपत्र करा म्हणालो, तर "मेल्यावरचा कागद कोर्टात लोंबकळते," म्हणून त्यांनी ते तिथंच बाद केलं. थोरल्याचं मोहाडीला खत-बियाण्यांचं दुकान होतं. धाकटा नागपुरात नोकरीला. दोघंही वाईट नव्हते. पण दुर्गच्या घराचा विषय निघाला की दोघं 'आपली प्रॉपर्टी' म्हणत आणि बहिणीला 'तिथं राहते' म्हणत. मामाजींनी हे ऐकलेलं होतं. त्या घरात मुलगी कुणाच्या मेहेरबानीनं राहू नये, आणि भावा-बहिणीत तोडातोडीही होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी मी माझ्याजवळचे सगळे कायदेशीर प्रकार त्यांच्यासमोर मांडले, आणि तिथंच माझं चुकलं. कारण ते म्हणाले, "ठीक आहे. एक एक वापरून पाहतो."

मला वाटलं, गंमत करताहेत.

पहिल्यांदा हिंदू अविभक्त कुटुंब. हे वापरायची गरज नव्हती, त्यातच त्यांचा जन्म गेला होता. पण आता कायद्यानं मुलगीही मुलाइतकीच हिस्सेदार आहे, असं मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मग विचारलं, "अन् इची माय?" मी म्हटलं, मामींना वाटणी मागता येत नाही, मुलांनी मागून झाली तर हिस्सा मिळतो. मामाजींनी घरी जाऊन हे मामींना सांगितलं. मामींनी सांजच्याला चूलच पेटवली नाही म्हणे. "ज्यायचा हिस्सा आहे त्यायनं रांधावं," म्हणाल्या. हा प्रकार एका दिवसात बाद झाला.

मग भागीदारी. मामाजी आणि थोरला, दोघं मोपेडमध्ये भागीदार झाले. भागीदारीत एकानं दिलेला शब्द दुसऱ्याला बांधील असतो, हे मी सांगून ठेवलं होतं. थोरल्यानं धानाच्या रोवणीच्या ऐन दिवसांत ती मोपेड साल्याला वापरायला दिली आणि मामाजी चिखलातून पायी शेतावर गेले. आठवडाभर तक्रार केली नाही, कारण कायद्यानं ते बांधील होते. मग माझ्याकडं येऊन म्हणाले, "नाही जमत. घर असंच सायाले देईन तो."

मर्यादित दायित्वाची भागीदारी त्यांना नावावरून फार आवडली. 'मर्यादित जबाबदारी' हा शब्द ते तोंडात घोळवत घरी गेले आणि मामींनी म्हशीला पाणी दाखवायला सांगितल्यावर म्हणाले, "आजपासून आपली जबाबदारी मर्यादित आहे." मामी म्हणाल्या, "मंग भातही मर्यादित भेटन." ही भागीदारी रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली.

या सगळ्यांत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. प्रकार कुठलाही असो, शेवटी ते पुढं वाकून आवाज खाली आणून विचारत, "बरं, त्या घरात मी जेवलो, तं कोनाचं खाल्लं?"

मला वाटलं, हा माणूस फुकट मिळालेल्या सुविधेवरच्या कराबद्दल विचारतोय. मी त्यावर एकदा लांबलचक उत्तरही दिलं. कंपनीच्या मालकीच्या घरात संचालक राहिला तर काय, पाहुणा म्हणून जेवला तर काय, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे कंपनीचं." मी म्हटलं, हो, कंपनीचं. त्यांचा चेहरा खुलला. अविभक्त कुटुंबाचं घर असतं तर 'कुटुंबाचं', तेही चालत होतं. पण ट्रस्टची गोष्ट निघाली, की तुम्ही विश्वस्त, मुलगी लाभार्थी, घराचं सगळं सुख तिचं, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "मग मुलीचंच म्हणायचं." ते लगेच उठले. "ट्रस्ट नोको," म्हणाले आणि जिना उतरून गेले. चांगल्या पर्यायाला हा माणूस असा लाथ का मारतो, हे मला कळेना. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना चक्रम म्हटलं.

राहता राहिली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. ती त्यांनी धान कापणीपासून वापरायला घेतली.

दर शनिवारी जेवणानंतर संचालक मंडळाची सभा. मामाजी अध्यक्ष, मामी आणि थोरला संचालक, धाकटा फोनवरून हजर. कोणती भाजी लावायची याचे ठराव होत. सूचक आणि अनुमोदक यांच्याशिवाय म्हशीची रेडकं विकली जात नसत. शेजारपाजारचे लोक सभा बघायला येऊन अंगणात बसत. मामींना हा सगळा पोरखेळ वाटायचा. "मी अंगठा करतो, तुमचं चालू द्या," एवढंच त्यांचं कामकाज. मात्र त्यात एक गोष्ट झाली. लग्न झाल्यापासून त्यांच्या मताची गरज कधी कुणाला पडली नव्हती, आता दर शनिवारी नवरा विचारू लागला, "संचालक बाई, तुमचं काय म्हनणं?" पहिल्यांदा त्या हसल्या. पुढं पुढं विचार करून उत्तर देऊ लागल्या.

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा मामाजींनी पुढच्या वर्षी गावच्या मंडईच्या दिवशी ठेवली. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, सगळी सोयरगत गोळा होते, रात्री नाटक असतं. सगळे आपसूक हजर, वेगळी नोटीस कशाला, असा त्यांचा हिशेब. मला 'ऑडिटर' म्हणून बोलावणं होतं. मी गेलो, कारण त्या घरी वांगे-झिंग्यांची भाजी उत्तम होते. तलावातले वाळवलेले झिंगे आणि घरचं वांगं. त्या भाजीसाठी मी कुणाचंही ऑडिट केलं असतं.

शेअर म्हणून मामाजींनी चिंचोके वाटले होते. मधल्या घरात चटईवर सगळे बसलेले. त्यांच्यापुढं मोठा ढीग, मामींपुढं एक, दोन्ही मुलांपुढं एकेक. दुर्गहून आलेली मुलगी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिच्यापुढं काही नव्हतं. ती सभेला 'निमंत्रित' होती. ठराव होता, की दुर्गचं घर या कंपनीच्या नावानं करावं.

थोरला म्हणाला, मंजूर. धाकटा म्हणाला, मंजूर. मामाजींनी मामींकडं पाहिलं. "संचालक बाई?"

मामींनी आपल्यापुढचे चिंचोके ओंजळीत गोळा केले, उठल्या आणि मुलीपाशी जाऊन म्हणाल्या, "पदर कर."

मुलगी एकदम मागं सरकली. विधवेची ओटी भरत नाहीत, हे तिला काय, तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून माहेरहून निघताना तिच्या ओटीत कुणी तांदळाचा दाणा टाकला नव्हता. दारात उभ्या असलेल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या.

"माय, काय करून राहिली तू?"

"पदर कर म्हनलं नं. नवऱ्याच्या नावाची नाही, माह्या नावाची भरून राहिली."

मुलीनं पदर पुढं केला. मामींनी ओंजळ त्यात रिकामी केली आणि येऊन पुन्हा आपल्या जागी बसल्या. मामाजी मात्र अध्यक्ष होते, त्यांना कामकाज चालवायचं होतं. ते घसा साफ करून मला म्हणाले, "वकीलसाहेब, शेअर दुसऱ्याच्या नावानं कराले मंडळाची मंजुरी लागते नं?"

"लागते," मी म्हणालो.

"अन् ओटी भराले?" मामींनी विचारलं. "ओटी भराले लागते का मंजुरी?"

"नाही लागत," मी म्हणालो. कायद्याच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर इतक्या आनंदानं मी फार क्वचित दिलं आहे.

ओटीत पडलेलं परत घेता येत नाही, हे मामाजींना पक्कं माहीत होतं. मग मुलगी बोलली. पदरातलं सांभाळत, खाली बघतच.

"मले शेअर नाही पाह्यजे बाबा. मले एवढंच सांगा, तुमच्यामागं मी त्या घरात राहू का नाही?"

थोरला कळवळून म्हणाला, "अवं, राहूनच राहिली नं तू? कोन काढून राहिलं तुले?"

"आज नाही काढत दादा," ती म्हणाली.

थोरल्याची मान खाली गेली. तो मनाचा खोटा नव्हता, त्याला ते लागलं. मामाजींनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, "सभा तहकूब," म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले. मला वांगे-झिंगे मिळाले, पण जेवणात लक्ष लागलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस मामाजींचं खाकरणं जिन्यावर ऐकू आलं नाही. मग एका सकाळी ते आले, आणि मागून मामी. मामी ऑफिसात पहिल्यांदाच येत होत्या. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि मला जे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं ते सांगून टाकलं. कंपनी नको, ट्रस्ट नको, काही नको. सरळ मुलीच्या नावानं बक्षीसपत्र करा. दुर्गच्या निबंधक कार्यालयात नोंदवू. घर तिचं होईल, कुणी कधी तिला काढू शकणार नाही, आणि भाऊ-बहिणीतही भांडणाला जागा उरणार नाही. एका घरासाठी यापेक्षा साधा रस्ता नाही.

मामाजी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"सांगा नं आता," मामी म्हणाल्या. "लाजून कायले राहिले? परका आहे का तो?"

मामाजींनी पेपरवेट आणखी जोरात फिरवला. शेवटी मामीच माझ्याकडं वळल्या.

"यायले जेवनाची फिकीर आहे. लेकीले लेकरू झाल्याबिगर बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, पानी पेत नाही. यायच्या बापानं पाळलं, यायच्या आज्यानं पाळलं. आता आमच्या पोरीले लेकरू तं होनार नाही. ते घर यायचं आहे तवरिक हे तिथं जाऊन चार दिवस राह्यतात, दोन्ही टाइम तिच्या हातचं खातात. आपल्याच घरी जेवून राहिलो म्हनतात. अन् उद्या घर तिचं झालं, तं दारातूनच वापस यावं लागन, उपाशी."

मी मामाजींकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. इतकी वर्षं त्यांनी मला विचारलेला तो प्रश्न, आणि मी त्यांना कर समजावत होतो! घर कुटुंबाचं असो, कंपनीचं असो, कुणाचंही असो, फक्त तिचं नसावं, म्हणजे तिच्या हातचं खाता येईल. आणि ते तिचंच व्हावं, हेही त्यांना मनापासून हवं होतं. दोन्हीत हा माणूस अडकून पडला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"हे सगळं सोडून द्या ना मामाजी," मी म्हणालो. "आता कोण पाळतं?"

"मी पाळतो," ते म्हणाले.

"मी ओटी भरली नं?" मामी म्हणाल्या.

"तू भरली. तुही हिंमत मोठी आहे." मामाजींनी हे अगदी प्रामाणिकपणानं कबूल केलं. "माही नाही."

चहा आला. मामाजींनी तो बशीत ओतला, फुंकला आणि बशी तशीच हातात धरून बसले. मग एकदम म्हणाले, "वकीलसाहेब, दुर्गच्या घराले समोर ओसरी आहे."

"आहे."

"सारं घर पोरीले देलं अन् ओसरी ठेवली, तं कायद्यात बसते का?"

"असं कोणी करत नाही मामाजी."

"बसते का, ते सांगा."

मी विचार केला. बसत होतं. चतुःसीमा नीट लिहायच्या, नकाशा जोडायचा, जायला-यायला वाट मुलीला राहील असं कलम घालायचं. घराचा एवढासा तुकडा दात्यानं स्वतःकडं ठेवायला कायद्याची हरकत नाही. "बसतं," मी म्हणालो, "पण ओसरी तुमच्यामागं पुन्हा चौघांची होईल."

"होऊ दे. ओसरीतून कोन कोनाले काढते?" त्यांनी एका घोटात बशी रिकामी केली. "चारही जनं येऊन बसतीन."

दुर्गला जाताना तुमसर रोड स्टेशनहून आम्ही सकाळची गाडी धरली. मामाजी, मामी, थोरला आणि मी. साक्षीदार म्हणून थोरल्याला मामाजींनी स्वतः बोलावलं होतं. तो वाटभर फारसं बोलला नाही, पण गोंदियाला उतरून सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. निबंधक कार्यालयाबाहेर मुलगी येऊन थांबली होती. तिथल्या एका दस्तलेखकानं आमचे कागद वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाबूजी, पूरा मकान बिटिया को दे दिया, फिर ये बरामदा काहे रख लिया?"

"खाना खाने," मामाजी म्हणाले.

त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो हसला आणि त्यानं शिक्का मारून दिला. थोरल्यानं साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना त्याचा हात जरा थांबला, हे मी पाहिलं. पण मग त्यानं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक लिहिलं. बाहेर आल्यावर बहिणीला म्हणाला, "चाल, भूक लागली."

घरी पोचलो तेव्हा वरची पोरं शिकवणीला गेलेली होती. घर शांत होतं. तिनं सगळा स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता. लाखोरीच्या डाळीचं वरण, भात, तांदळाच्या भाकरी, आणि माहेरच्या पद्धतीचे वांगे-झिंगे. आत पानं मांडली. भावाला बहिणीच्या घरी चालतं, मामींनी तर आता कुठलीच बंधनं मानायचं सोडलं होतं, आणि माझा काही प्रश्नच नव्हता. आम्ही तिघं आत बसलो. मामाजी उंबऱ्याबाहेर ओसरीत थांबले. त्यांनी स्वतःच कोपऱ्यातली चटई उलगडली, खिडकीखाली अंथरली आणि मालकाच्या थाटात मांडी घालून बसले. तिनं त्यांचं ताट बाहेर नेऊन ठेवलं. पाण्याचा तांब्याही ठेवला. ते आधी पाणी प्याले, मग त्यांनी भाकरी मोडली.

आम्हाला वाढून झाल्यावर तिनं आपलं ताट वाढून घेतलं. मामी म्हणाल्या, बस इथंच माझ्याजवळ. ती ताट घेऊन उंबरा ओलांडून बाहेर गेली. दार उघडं होतं, मला जेवता जेवता दोघं दिसत होते.

"तू आत बस नं," मामाजी म्हणाले. "तुह्या घरी पाहुने आले आहेत."

"आत तं मी रोजच जेवतो बाबा," ती म्हणाली. "आज माहेरी आली."

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते चटईवर बाजूला सरकले, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "ये बाई. बस."